नववं मिनिट

सौदीतल्या अल खफजी गावच्या त्या औषधांच्या दुकानात साखरेच्या पेशंटला सल्ला दिला की विमा कंपनी दुकानाला पैसे द्यायची. अट एकच, सल्ला पुरती दहा मिनिटं चालला पाहिजे. स्क्रीनवर घड्याळ पळायचं आणि दहा मिनिटं झाल्याशिवाय हिरवं बटण उमटायचंच नाही. आता फार्मासिस्ट ज्ञानेशकडचा सल्ला तिसऱ्या मिनिटाला संपायचा. भात कमी, चालणं जास्त, इंजेक्शन चुकवू नका. उरलेली सात मिनिटं तो आणि पेशंट लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांसारखे एकमेकांकडे बघत बसायचे.

बाळाराम सोडून. बाळाराम तेलाच्या कंपनीत परांच्या बांधायचा. वय चोपन्न, गाव गुहागरकडचं. ज्ञानेश चिपळूणचा. मध्ये चाळीसएक किलोमीटर, पण खफजीहून मोजलं तर ते एकाच पडवीत राहिल्यासारखं.

"काय रे डाक्टर, आईचे गुडघे काय म्हणतायत?"

"डॉक्टर नाही हो काका, फार्मासिस्ट."

"तेच ते. टोचतोस ना?"

मग आईच्या गुडघ्यांवरून जिना, जिन्यावरून बाळारामच्या घराचा अर्धवट स्लॅब, स्लॅबवरून मुलगी स्वप्नाली, तिचं नर्सिंग. तिचं शिक्षण पुरं होईस्तोवर अजून दोन वर्षं परांचीवर चढायचं. ही दोन वर्षं तो बोटांनी दाखवायचा. त्यातलं एक बोट नुकतंच टोचलेलं, कापूस धरलेलं.

खरं काम निघायचं नवव्या मिनिटाला. तेही उठून, दाराशी पोचून, काच सरकली की मागे वळून. "बरं, एक सांगायचं राह्यलं." आपल्याकडे आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस उसने मागायला आलाय असंच समजतात, त्याला बाळाराम तरी काय करणार? पहिल्यांदा वळला तेव्हा कळलं की कामगारांच्या कॅम्पातल्या फ्रीजमध्ये कुणीतरी अख्खा बकरा ठेवलाय आणि इन्सुलिन पंधरा दिवस खिडकीत ऊन खातंय. दुसऱ्यांदा वळून म्हणाला, "डोळ्यापुढं माशा दिसतात रे. काल परांचीवर एक मारायला गेलो." दोन्ही वेळा ज्ञानेशने त्याला दंडाला धरून परत बसवलं. इन्सुलिन बदलून दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. फॉर्मवर ह्याची नोंद कुठेच नव्हती. वळण्याला रकाना नव्हता.

मे महिन्यात एरिया मॅनेजर विजयकुमार आले. विमा कंपनीने अभ्यास केला होता आणि सल्ला तीन मिनिटांचाच असतो हे तिला उमगलं होतं.

"भाई, अब तीन मिनट का ही पैसा मिलेगा," विजयकुमार म्हणाले. "बाकी सात मिनट चैरिटी है."

तीन मिनिटं झाली की एक बाई मशीनमधून पुढच्या टोकनचा नंबर अरबीत पुकारायची. फार गोड आवाज. फॉर्म मात्र होता तेवढाच राहिला. डावा पाय तपासला? उजवा पाय तपासला? साखरेने पाय बधिर होतात, जखम कळत नाही, म्हणून हे प्रश्न. बाळारामच्या सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडायलाच तीन मिनिटं लागली असती. सगळेच फार्मासिस्ट 'हो' दाबायचे.

जूनमध्ये बाळाराम आला.

"आईचे गुडघे?"

"बरे आहेत काका. इंजेक्शन घेता ना?"

"घेतो. ऑपरेशन करायचं म्हणत व्हतास ना तिचं?"

"पुढच्या महिन्यात." ज्ञानेशने हो दाबलं, पुन्हा हो दाबलं. बाई गोड बोलली. पुढचा पेशंट खुर्चीची पाठ धरूनच उभा होता.

बाळाराम दाराशी पोचला. काच सरकली. तो वळला.

"बरं, एक..."

"काका, पुढच्या वेळी नक्की," ज्ञानेश मान वर न करता म्हणाला. त्याच्या हातात दुसऱ्याचं बोट होतं.

"चालंल," बाळाराम म्हणाला. "तसं दुखत काय न्हाय."

त्या महिन्यात शाखेला सर्वांत जलद सल्ल्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याच खुर्चीमागे टांगलं गेलं.

ऑगस्टमध्ये बाळाराम चाकांच्या खुर्चीतून आला. खोलीवरचा सुशील खुर्ची ढकलत होता. पँटचा डावा पाय गुडघ्यापाशी दुमडून त्याला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले होते. रीतसर टोकन घेतलं होतं, त्रेचाळीस.

"डावा पाय गेला," बाळाराम म्हणाला. "बुटात खिळा घुसला व्हता. मोजा रक्तानं भरायचा, पण दुखायचं न्हाय. दमामच्या हास्पिटलात कापला. कंपनीनं खलास केलं, नोकरी संपली. उद्या विमान हाय. इंजेक्शन संगं न्यायला ह्या कागदावर तुझा शिक्का पायजे."

घड्याळात बावीस सेकंद झाले होते.

ज्ञानेशने शिक्का मारला. तो उलटा पडला. मग दुसरा मारला.

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"बोलणारच व्हतो. आधी तुझ्या आईचं इचारत व्हतो."

अजून दोन मिनिटं उरली होती. ज्ञानेशने स्वप्नालीचं विचारलं. "बरी हाय." कॉलेज? "बघू." स्लॅब? "हाय तिथंच." बाळारामने गुडघ्यांचं विचारलं नाही. ऑपरेशन छान झालं होतं, आई जिना चढायला लागली होती. हे त्याला सांगायचं म्हणून ज्ञानेशने महिनाभर राखून ठेवलं होतं. आता ते तोंडात तसंच राहिलं.

स्क्रीनने विचारलं, डावा पाय तपासला? ज्ञानेशने 'नाही' दाबलं. स्क्रीन म्हणाला, कृपया तपासून पुन्हा भरा. तिसरा पर्याय नव्हता. दोघं घड्याळाकडे बघत बसले. सुशील प्रशस्तिपत्र वाचत होता.

बाई गोड बोलली. सुशीलने खुर्ची दाराकडे फिरवली. चव्वेचाळीस नंबरवाला येऊन बसला, त्याने बोटही पुढे केलं. ज्ञानेश मात्र उठून उभा होता. दाराशी काच सरकली आणि खुर्ची पार होईपर्यंत अदबीने उघडी राहिली.

बाळाराम वळला नाही. वळायचं तर सुशीलला सांगावं लागलं असतं.