माघारीची मुदत

गुरुवारी दुपारी तीन वाजता नीलांबरी दोह्यातल्या 'बरवा अल बराहा' या कामगार वसाहतीच्या गेटाबाहेरच्या कॅफेटेरियात बसली होती. समोर चहा, चहाशेजारी एक कागद, आणि कागदाच्या तळाशी सहीची रिकामी रेघ. त्या रेघेवर तिचा जीव टांगला होता, आणि यात अतिशयोक्ती काही नाही.

कागद कॉलेजचा. अभ्यासासाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याच्या संमतीचा. ही सही चार वाजेपर्यंत मिळाली, तर तिचा राज्यशास्त्राचा शेवटचा पेपर धरला जाणार. मग कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं घासून मिळवलेले सगळे क्रेडिट घेऊन थेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला बसायचं. नाही मिळाली, तर निकालापुढे 'अपूर्ण', आणि अपूर्ण निकाल युनिव्हर्सिटी हातातही धरत नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नव्हती. तिचे बाबा, देवीदास, एसी दुरुस्तीच्या कामावर. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये खलास. मग सगळं बिऱ्हाड परत गावी, आणि हिचं कॉलेज पुन्हा पहिल्या वर्षापासून.

चूक कोणाची म्हणाल, तर तिचीच. सही मुलाखतीच्या आधी घ्यायची असते, हे ताहेरुन्निसा मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पण केरबामामाकडून कसली सही घ्यायची? केरबामामा आईच्या माहेरचा माणूस. इथे शाळेची बस चालवायचा, आणि महिन्यातून एका शुक्रवारी फरीज बिन ओमरान भागात नीलांबरीच्या घरी जेवायला यायचा. जेवणाऱ्या माणसापुढे कागद सरकवला असता, तर आईनेच तिला झापलं असतं. म्हणून पिठलं-भाकरी खाता खाता फोनवर रेकॉर्डिंग झालं आणि कागदाचं राहिलं ते राहिलंच. काल मॅडमनी सरळ सांगितलं, सही नाही तर मुलाखत नाही, मुलाखत नाही तर पेपर नाही.

आणि अख्खा पेपर त्या मुलाखतीवर उभा होता. मामाच्या गावात पंचवीस वर्षं सरपंच बिनविरोध येत होता. केवढी ही एकी, असं वाटून नीलांबरीने विषय घेतला होता. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एकी कसली बाळ. म्या भरला हुता की फॉर्म."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माघारीच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपायला अर्धा तास असताना, सरपंचाच्या माणसांनी मामाला जीपमध्ये घालून तहसील कचेरीत नेलं. पडताळणीची सही राहिलीय म्हणाले. मामाने विश्वासाने केली. तो कागद माघारीचा होता. दोन महिन्यांनी सरपंचाचा पुतण्या निवृत्ती कतारचा व्हिसा घेऊन दारात आला, आणि मामा तोंड बंद ठेवून विमानात बसला. त्याला नऊ वर्षं झाली. तोच निवृत्ती आता बसच्या कंपनीत मामाचा सुपरवायझर होता.

सकाळी बाबा म्हणाले होते, "तूच कर की सही. केरबाची सही म्हणजे कोंबडीचे पाय, कोण ओळखतंय?" तिने वहीच्या मागच्या पानावर करून पाहिली. हुबेहूब आली. आणि तिला स्वतःचीच इतकी किळस आली, की ते पान तिने बारीक फाडून टाकलं. ज्याची सही एकदा फसवून घेतली, त्याची सही आपण चोरायची? मग कचेरीतल्या त्या लोकांत आणि आपल्यात फरक तो काय?

तीन वीसला मामा आला. अंगात युनिफॉर्म, डोळ्यांत दिवसभराचं ऊन. बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "वाच बघू. सगळा वाच."

कागद वर इंग्रजीत, खाली अरबीत. मराठीत सांगायचं काम नीलांबरीचं, आणि नीलांबरीची मराठी आईशी भांडण्यापुरती. तरी ती बोट ठेवून सांगत गेली. "मी माझ्या मर्जीने मुलाखत दिली. माझं नाव कुठे छापणार नाहीत." मामा मान डोलवत होता. त्याने पेनाचं टोपणही काढलं.

तिसऱ्या ओळीवर ती अडली. विद्ड्रॉ. याला मराठीत काय म्हणतात? आणि शब्द सापडला. मुलाखत उतरवून घेताना वीस वेळा ऐकलेला शब्द. तिला आनंदच झाला.

"या अभ्यासातून मी कधीही माघार घेईन."

टोपण पेनावर परत बसलं.

"कसली माघार?" मामा म्हणाला. आवाज एकदम कोरडा. "तू बी माघारीचाच कागद आणलास व्हय?"

नीलांबरीने वेळ पाहिली. घड्याळात तीन एकतीस.

"चुकलं मामा. घेईन नाही, घेऊ शकतो. तुम्हाला वाटलं तर. उद्या, परवा, कधीही. तुम्ही नको म्हणालात की मुलाखत बाद. मी अडवू शकत नाही, कॉलेजही अडवू शकत नाही. तसा नियमच आहे."

"आन् मग तुझा पेपर?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "तो जाईल," ती म्हणाली.

"आन् तू?"

"मी गावी."

मामाने कागद जवळ ओढला. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "कसली सही चाललीय, केरबा?"

निवृत्ती. हातात चहाचा कागदी कप, तोंडावर हसू. त्याने वाकून कागद पाहिला, पण इंग्रजीच्या वाटेला तो गेला नाही. "देवीदासची पोरगी ना तू? राजकारण शिकतेस म्हणे." मग मामाकडे वळून अगदी मायेने म्हणाला, "सही करायच्या आधी विचार कर हां. पुढच्या महिन्यात व्हिसाचं रिन्यूअल आहे तुझं." आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसला.

मामाने पेन टेबलावर ठेवलं. नीलांबरीला वाटलं, संपलं. आपणच उठावं, कागद घडी करून पिशवीत टाकावा आणि मामाला मोकळं करावं. पण ती उठली नाही. तिला युनिव्हर्सिटीतली ती जागा हवी होती, फार हवी होती.

"ती माघारीची ओळ परत वाच," मामा म्हणाला.

तिने वाचली. या वेळी नीट. "मी कधीही माघार घेऊ शकतो."

"आमच्या फॉर्मात आसं न्हवतं," मामा म्हणाला, आणि केरबा रंगनाथ ढोणे अशी पूर्ण सही त्याने सावकाश, एकेक अक्षर कोरत केली.

तीन अठ्ठेचाळीसला फोटो गेला. तीन बावन्नला मॅडमचं उत्तर आलं, कागद मिळाला, चारला निकाल भरते. नीलांबरीने मान वर केली, तर निवृत्ती मामाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेत होता. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मामा परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानेच.

"काय म्हणाले?"

"रिन्यूअलचं आता अवघड हाय म्हणाला."

पाच-सहा मिनिटं गप्प बसायचं होतं फक्त. निकाल भरला जाणार, जागा पक्की होणार, आणि तिला कोणीही दोष देणार नव्हतं. मामा तर मुळीच नाही.

"मामा," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता नको म्हणालात, तर मी मॅडमना लगेच कळवते. निकाल भरायला अजून मुदत आहे."

मामाने तिचा थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"त्या दिशी कचेरीत घड्याळाखालीच बसवलं हुतं मला," तो म्हणाला. "तितं एकबी माणूस म्हणला न्हाई, की केरबा, आजून मुदत हाय, तुझं तू ठरीव." त्याने डोळे पुसले, चष्मा चढवला. "किती वाजलं?"

"तीन सत्तावन्न."

"बसू मग. मुदत संपंस्तवर हितंच बसू. कोन जीप घिऊन आलंच, तर तू हायस."

दोघं बसून राहिली. निवृत्ती शेजारच्या टेबलावरून फोनवर कोणाशी तरी बोलत होता, आणि बोलता बोलता इकडे बघत होता. मामाने एकदाही तिकडे पाहिलं नाही. नीलांबरीने फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला होता, आकडे दोघांना दिसतील असा.

चार वाजले. मामाने टेबलाला हात टेकले आणि सावकाश उठला.

"झालं," तो म्हणाला. "ऱ्हायलो उभा."