बंद मिलीतली हंगेरी

मिल बंद होऊन चौथं वर्ष लागलं आणि रंगखात्यामागच्या हौदातून वाफा निघू लागल्या. हौद नहाणीएवढा, पाणी दुधासारखं पांढरं, वर सडक्या अंड्यांचा वास. एवढ्या सामग्रीवर इंदुरात देव सहज प्रकट होतो. दहाव्या दिवशी सकाळी सातलाच रांग मिलीच्या फाटकाबाहेर गेली. वाफ सात ते नऊच निघायची. देवानं पहिली पाळी धरली होती.

देवाची व्यवस्था उष्णोदकनाथ बघत. गेल्या महिन्यापर्यंत ते स्नेहलतागंजातल्या एका टूर कंपनीतले लक्ष्मीकांतजी होते. कंपनी बुडाली, आणि हंगेरीतली जुनी गावं नि गरम पाण्याचे झरे दाखवणारं एक रंगीत माहितीपत्रक त्यांच्याजवळ उरलं. ते आता फ्रेममध्ये होतं, फ्रेमला हार होता. फोटोतला चड्डीवर बसलेला टकला गोरा म्हातारा भाविकांच्या बोटांनी पार पुसट झाला होता.

"भिया, फोटो बघा!" नाथ गरजले. "वरून बर्फ पडतंय आणि हे लोक पाण्यात बसून शतरंज खेळताहेत! का? कारण दुखणंच नाही! गाव बघा, सातशे वर्षांचं! चर्च उभं, किल्ला उभा, घंटाघर उभं! का? कारण खाली गरम पाणी! आता फॉरेनचं सगळंच इकडे येऊन राहिलंय. टीव्ही आला, कोल्ड्रिंक आलं, मग पाणी का नाही येणार? सात दिवस, सात डुबक्या. शुगर, गठिया, लकवा, सब साफ!"

लोकांनी घंटाघराला हात जोडले.

रत्नपाल आला होता बायकोला परत न्यायला. आनंदीला शुगर होती, पायाला जखम होती. 'रोज पट्टी करा, पाय कोरडा ठेवा, नाहीतर कापावा लागेल,' असं दवाखान्यात बजावलं होतं. तरी ती चार दिवस सकाळी न सांगता गायब होत होती. पण फाटकाशी तो वास नाकात शिरला आणि रत्नपाल कशाला आलो तेच विसरला. सव्वीस वर्षं त्यानं रंगखात्यात काढली होती. हा कापडाला काळा रंग चढवायच्या सल्फाइडचा वास. वाफही दिसत होती. मिल सुरू झाली! हात आपोआप खिशातल्या जुन्या पासाकडे गेला.

"पहिली पाळी, रंगखातं," तो फाटकावरच्या माणसाला म्हणाला.

"चपला इथं काढा," तो माणूस म्हणाला.

हौदाशी आनंदी लुगडं खोचून उभी होती.

"आनंदी, मागे फिर. पाय कोरडा ठेवायचाय."

"तीन डुबक्यांत चुरचुरायला लागलंय. म्हणजे लागू पडतंय."

"चुरचुरतंय म्हणजे जळतंय, बाई!"

"तुम्ही चार वर्षं 'मिल सुरू होईल, मिल सुरू होईल' करत दारात बसलात. मी काही बोलले? तुमचा भरवसा तो भरवसा, आणि माझा?"

रत्नपालनं तिचा दंड धरायला हात पुढे केला. तेवढ्यात तिनं चौथी डुबकी घेतली.

ती वर आली तेव्हा तिच्या पायाची कातडी पांढरी पडून सुटत होती. रत्नपालनं ती कातडी बघितली, ते दुधाळ पाणी बघितलं, आणि शेजारच्या पूजेच्या ताटातली मूठभर हळद उचलून हौदात टाकली. पाणी लालभडक झालं.

"कुंडानं कुंकू दिलं!" एक बाई किंचाळली. शंभर हात पाण्यात गेले, शंभर कपाळं लाल झाली. नाथांना हा चमत्कार ठाऊक नव्हता, पण त्यांनीही डोळे मिटून तो आपल्या नावावर घेतला.

रत्नपालनं कपाळावर हात मारून घेतला. मग रांगेत उभ्या असलेल्या, मिलीतल्या जुन्या सोबत्याकडे, अशोककडे वळला. "अशोकभिया, पानाच्या चुन्याची डबी काढा." तळहातावर चुना घेऊन त्यानं त्यात चिमूटभर हळद चोळली. तळहात लाल. "काय भिया, तुमच्या डबीतपण हंगेरी आहे का?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"या मागे," रत्नपाल म्हणाला. हौदात येणारी मोरी कुठून निघते ते त्याला सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं. मोरीच्या तोंडाशी, रंगखात्याच्या भिंतीआड, कळीच्या चुन्याची पोती होती. शेजारी सल्फाइडचं अर्धं पिंप. "चुन्यावर पाणी पडलं की ते तापतं, घर रंगवताना सगळ्यांनी पाहिलंय. वास या पिंपाचा. आपल्यातल्या अर्ध्यांनी हा वास जन्मभर घेतला, पगार घेतला, आणि आता त्यालाच नारळ फोडतोय! हंगेरीत झरे असतील, भाऊ. पण ते जमिनीतून येतात, पोत्यातून नाही. वाफ दिसली की हात जोडायच्या आधी विचारा ना, की खाली काय टाकलंय?"

"पोती देवळाच्या सफेदीची आहेत!" नाथ ओरडले.

"मग बसा पाच मिनिटं पाण्यात."

"आज माझं मौन आहे," नाथ मोठ्यानं म्हणाले आणि मागच्या भिंतीवरून गेले. फ्रेम मात्र नेली.

लोक पांगले. दोघं-तिघं रत्नपालवरच चिडले होते. त्यांच्या दोन डुबक्या बाकी होत्या.

आठवड्यानं सरकारी दवाखान्यात आनंदीच्या पायाची दोन बोटं कापली. रत्नपाल खाटेशी बसून होता. तिनं छताकडे बघत विचारलं, "सात पुऱ्या झाल्या असत्या तर?"

रत्नपाल चिडला नाही. "चार डुबक्यांत दोन बोटं गेली," तो म्हणाला. "सातात किती, ते तूच काढ. कोणाला विचारू नको. स्वतः काढ."

आनंदीनं चादरीखाली बोटांवर मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

"साडेतीन," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे करून रडू लागली.