नळाच्या झिणझिण्या

आमच्या घरात अनवाणी फिरायला बंदी आहे. बाकी लोक घरात शिरताना चपला काढतात. आमच्याकडे बाहेरच्या काढून आतल्या घालतात, रबरी, निळ्या पट्ट्यांच्या. हा कायदा माझ्या सासऱ्यांचा. बाबांची सगळी नोकरी भोपाळला, पिपलानीतल्या कारखान्यात मोठाल्या ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली, आणि पायाखाली रबर असल्याशिवाय विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही हे तिथं त्यांच्या हाडात मुरलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून साकेत नगरात हे जुनं बैठं घर घेतलं, तर कायदाही सोबत आला. मी लग्न होऊन आले त्या दिवशी माप ओलांडल्याबरोबर मला पायात घालायला चप्पल मिळाली. माझा नवरा गौरांग म्हणतो की हे मी वाढवून सांगते. असेल. पण मिळाली होती.

दुसरा कायदा गीझरचा. आंघोळीला जाणाऱ्यानं आधी गीझर बंद करायचा, मगच बाथरूमची कडी लावायची, आणि बाहेर आल्यावर पुढच्या माणसासाठी पुन्हा चालू करायचा. हे तर भोपाळभर सगळेच करतात, पण आमच्याकडे विसरलं तर दुपारच्या जेवणापर्यंत व्याख्यान ऐकावं लागतं.

पहिला कायदा मोडायची मुभा फक्त आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना होती. सकाळी सगळ्यांत आधी त्यांची आंघोळ. मग त्या ओल्या पायांनी, चप्पल न घालता, स्वयंपाकघरातल्या नळावर देवाचं पाणी भरायच्या. चप्पल घालून देवाचं पाणी भरायचं नाही, हे त्यांच्या नागपूरच्या माहेरचं. बाबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी यावर वाद घातला आणि हरले. आईंना ही गोष्ट सांगायला फार आवडायची.

दिवाळी झाल्यावर थोड्याच दिवसांत आई एकदा बाबांना म्हणाल्या की नळाला करंट येतो, हाताला झिणझिण्या बसतात. बाबांनी पेपर संपवला, चहा संपवला, सगळ्यांच्या आंघोळी उरकू दिल्या आणि मग कपाटातून आपलं मीटर काढलं. मीटरची एक तार नळाला लावली, दुसरी भिंतीवरच्या सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात खुपसली. काटा हलला नाही. वर स्वतः नळ घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले की बघ, काही नाही. पायात अर्थातच चप्पल होती.

आईंनी पुन्हा दोन-तीनदा सांगितलं. दर वेळी मीटर निघालं आणि दर वेळी काही निघालं नाही. मग गौरांगच्या डोक्यात आलं की आईची शुगर काठावर आहे, हा नसांचा प्रकार असणार. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली, “अम्मा, इस उमर में होता है,” म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. मलाही ते पटलं. मीटर, नवरा आणि डॉक्टर एका बाजूला असल्यावर दुसऱ्या बाजूला उभं राहायला माणसाला वेळ लागतो, आणि मला सकाळी टी. टी. नगरचं ऑफिस गाठायचं असतं.

गोळ्यांनी काही फरक पडला नाही. पडणार कसा? एकदा भरलेला तांब्या आईंच्या हातातून सुटला, आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच स्वतःला एकेका कामातून काढायला सुरुवात केली. विळीवर भाजी चिरणं सोडलं, कारण बोट कापलं तर? कढईतलं तेल उतरवणं सोडलं. नातवाला, आमच्या आशयला, कडेवर घेणं सोडलं. तो दोन्ही हात वर करून उभा राहायचा आणि आई त्याच्याशेजारी खाली बसायच्या. नळाला करंट येतो हे वाक्य घरात कुणी बोलेनासं झालं. आता आई म्हणायच्या की माझे हात गेले. ते ऐकून मला वाईट वाटायचं आणि त्याच वेळी चीडही यायची, कारण सगळं काम माझ्यावर येत होतं. दोन्ही खरं आहे.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नसांची तपासणी करायचं ठरलं, सोमवारची वेळ मिळाली. त्याच्या आधीच्या गुरुवारी आई मला म्हणाल्या, “वैजू, आजपासून पूजा तू करशील का? माझ्या हातून देव पडायचे.” त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी हो म्हटलं. त्यांनी फक्त एक अट घातली, आंघोळ करून आणि चप्पल काढून पाणी भरायचं.

मी आंघोळ करून आले. बाबांचा नंबर नंतरचा, म्हणून त्यांच्यासाठी गीझर चालू केला. ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेले, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्या फरशीचा गारवा तळपायाला लागला. तांब्या धरला आणि दुसऱ्या हातानं नळ फिरवला. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या सरसरत गेल्या. तांब्या सिंकमध्ये पडून घणघणला.

मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, झोप नीट झाली नाही. पुन्हा बोट लावलं, पुन्हा तेच. चप्पल घालून लावलं तर काही नाही. काढून लावलं, तर सरसर. असं मी मूर्खासारखं घाल-काढ करत होते आणि आई दारात येऊन बघत होत्या.  जवळ आल्या, माझा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तसाच धरून ठेवला. माझ्या हाताला तर शुगर नव्हती.

मग माझा पारा चढला. मी बाबांना हाक मारली ती बहुतेक शेजारच्यांनीही ऐकली असेल. बाबा आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटाकडे वळले. पुन्हा मीटर, पुन्हा एक तार नळाला आणि एक सॉकेटला, पुन्हा शून्य. ते म्हणाले की मीटर खोटं बोलत नाही. मी म्हटलं, “बाबा, चप्पल काढा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर चौकात धोतर फेडायला सांगितलं. ही पद्धत नाही, असं माणसानं स्वतःला मध्ये घालून तपासायचं नसतं, असं ते सांगायला लागले. बरोबरच होतं ते. पण आई रोज सकाळी तेच करत होत्या, आणि कुणी त्यांना विचारलं नव्हतं. मी हे बोलले, जरा मोठ्यानंच बोलले.  बाबांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि बोटाची मागची बाजू नळाला टेकवली. हात झटकन मागे आला.

मग ते कामाला लागले. गीझर बंद केला, बोट लावलं, काही नाही. चालू केला, पुन्हा लावलं, हात मागे. म्हणजे दोष गीझरमध्ये होता, आतून वीज गळत होती आणि लोखंडी पाइपातून नळापर्यंत येत होती. एवढं कोड्यासारखं नव्हतं. कोडं होतं ते मीटरचं. ते मीटर हातात धरून स्टुलावर बसून राहिले, चेहरा पार उतरलेला. मग उठले, एक लांब वायर घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले, कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओल्या मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि वायर त्याला बांधली. आता मीटरची एक तार नळाला आणि एक थेट जमिनीला. काटा सत्तर व्होल्टच्या आसपास जाऊन थांबला.

मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. सॉकेटच्या त्या भोकाची तार भिंतीतून जाऊन घराच्या मागे जमिनीत पुरलेल्या पट्टीला मिळते, म्हणून ते भोक म्हणजेच जमीन, असं धरून माणूस मोजतो. पण ती पट्टीच तुटली असेल तर गीझरमधून गळलेली वीज जमिनीत न जाता नळाबरोबर भोकातही तेवढीच चढते आणि दोघांतला फरक शून्य येतो. दिवाळीच्या आधी आम्ही मागचं अंगण फरसबंद करून घेतलं होतं, स्कूटर लावायला. बाबा स्वतः उभे राहून लेव्हल बघत होते. दोन फरशा उचलल्यावर खोदताना कापली गेलेली पट्टीची टोकं दिसली. सगळ्या घरात जमिनीशी नीट जोडलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे आई.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. बाबांनी गीझरची आतली कॉइल बदलून घेतली, पट्टी नव्यानं जोडली, नट कसले, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून पाणी ओतलं. वीज जरा जरी गळली तरी लाइन तोडणारं स्विच त्यांनी इतके दिवस अर्थिंग ठणठणीत आहे म्हणून बसवलं नव्हतं. तेही आणून बसवलं. संध्याकाळी गीझर चालू ठेवून आम्ही सगळे ओळीनं अनवाणी नळाला हात लावून आलो. आईंनी सगळ्यांत शेवटी लावला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग ओल्या हातानंच आशयला उचलून कडेवर घेतलं.

घरात सणासारखं झालं. गौरांग येताना गरम कचोऱ्या घेऊन आला होता. तो आईंना म्हणाला, “आई, तू तो एकदम फिट निकली. गोळ्या बंद, सोमवार कॅन्सल.” आणि खिशातून फोन काढून तिथंच नंबर शोधायला लागला. बाबांनीही आईंकडे बघून, जरा घुटमळत, सांगितलं की तुझे हात चांगले ठणठणीत आहेत. माफी मागण्याची त्यांची हीच पद्धत.

आई आशयला खाली ठेवून खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या की मी पहिल्या दिवशी नळ म्हटलं होतं. तुम्ही तपासलंत, नाही निघालं, तेव्हा मी म्हटलं की आपलंच चुकत असेल. मग मलाच माझं काही खरं वाटेना. एवढं बोलून त्या थांबल्या. आम्हाला वाटलं संपलं. गौरांगनं फोन कानाला लावला.

“अजून एक आहे,” आई म्हणाल्या. “डाव्या डोळ्यानं मला कडेचं दिसत नाही. काळं दिसतं. महिना होऊन गेला, आता वाढतंय.”

गौरांगनं फोन खाली घेतला. मला पहिल्यांदा रागच आला, इतके दिवस का नाही सांगितलंत म्हणून, आणि तो तोंडावर येण्याआधी त्याचं उत्तर कळलं. तरी आईंनी ते दिलंच.

“सांगणार होते. पण म्हटलं, तुम्ही चष्मा पुसून बघाल.”

 कचोऱ्यांच्या कागदावर तेल पसरत होतं.  गौरांगनं हळू आवाजात फोनवर विचारलं की डोळ्यांचे डॉक्टर उद्या सकाळी लवकरात लवकर कधी बसतात. बाबा स्टूल ओढून आईंच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. त्यांनी चष्मा मागितला नाही, मान वळवून दाखव म्हटलं नाही, कपाटाकडे तर बघितलंही नाही.

“सांग,” ते म्हणाले. “पहिल्यांदा कधी दिसलं तिथपासून सांग.”

आईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांना बराच वेळ लागला. बाबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.