साईचं दूध

सुनेनं साईच्या दुधाची पिशवी ट्रॉलीत टाकली. सासूबाईंनी ती उचलून फ्रिजात परत ठेवली. हे दुसऱ्यांदा झालं. ट्रॉलीतल्या बैठकीवर दीड वर्षाची चिमणी बोट चोखत बसली होती. दवाखान्यातून तिघी थेट दुकानात आल्या होत्या.

"घरात बिनफॅटचंच दूध येणार," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांना एकच."

नवऱ्याला हृदयाचा झटका आल्यापासून बाईंनी फॅटशी उभा दावा मांडला होता. लोणी हद्दपार झालं, तेल थेंबावर आलं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरात काही शिरेना. नवरा सावरला, तो आपल्या पहाऱ्यामुळंच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण पहारा तरी किती! साठीतला माणूस आणि दुधावरचं लेकरू, दोघांना एकच कायदा.

"तुम्ही बाहेर बसला होतात," सून म्हणाली. "सहा महिन्यांत हिचं वजन जागचं हललेलं नाही. एवढ्या लहान मुलांना फॅट लागतंच, म्हणाले डॉक्टर. मेंदू वाढायचं वय आहे."

"त्यांना काय जातंय बोलायला! यांना जमिनीवर पडलेलं मी पाहिलंय."

सुनेनं पुन्हा पिशवी काढली. सासूबाईंनी दुसरं टोक धरलं. कोणीच सोडेना. मागची माणसं थांबून बघू लागली.

"आई, फुटेल. सोडा."

तेवढ्यात चिमणीचा फ्रॉक खांद्यावरून घसरला. सासूबाईंनी स्वतः शिवलेला, वाढत्या अंगाचा म्हणून सैल बेतलेला. त्याला वर्ष होत आलं होतं आणि तो अजून सैलच होता. त्यांची पिशवीवरची बोटं आपोआप सुटली.

"कोणतं दूध देता, असं विचारलं असेल ना त्यांनी?"

"हो."

"मग?"

"माझंच चुकलं, म्हटलं." सुनेनं मान खाली घातली. "फार बोलले."

सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात जिला तोंड उघडू दिलं नाही, तिनं बाहेर त्यांची अब्रू झाकली होती.

"पैसे दे आणि चल," त्या म्हणाल्या. "आधी दवाखान्यात. कोणाचं चुकलं ते मला सांगू दे."

"राहू द्या, आई."

"नाही."

त्यांनी चिमणीला कडेवर घेतलं. सहा महिने त्या शेजारणींना कौतुकानं सांगत होत्या, आमची चिमणी किती वेळ उचला, हात म्हणून दुखत नाही.