समोरच्यांचा सोफा

सासूबाईंचं ठाम मत होतं की माणसाने एक तर श्रीमंत असावं, नाही तर गरीब. मधल्याला कुत्रं विचारत नाही. आणि त्यांची सून नेमकी मधली निघाली. विद्यापीठात गणिताची प्राध्यापिका, दारावर ‘प्रा. डॉ.’ अशी पितळी पाटी, आणि पगार महिना सरायच्या आधीच संपलेला. मुलगाही प्राध्यापकच, पण दुसऱ्या शहरात, तासिका तत्त्वावर. तो शनिवारी यायचा आणि रविवारी आठवड्याचे कपडे मशीनमध्ये धुऊन न्यायचा.

“दातांचा डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतो, म्हणून त्याला पैसे मिळतात,” सासूबाई म्हणायच्या. “तू लोकांच्या डोक्यात काहीतरी घालतेस. त्याचे कोण देणार?”

दातांचे डॉक्टर म्हणजे समोरच्या दारातले शेजारी. भला माणूस. त्यांच्या भलेपणावरच हे सगळं उभं राहिलं आणि पडलं.

जवळची सरकारी शाळा पाडून तिथे गाड्या लावायला जागा केली, तेव्हा नातीसाठी, म्हणजे भिंगरीसाठी, चौकातली खासगी शाळा तेवढी उरली. दुसरी शाळा दोन बस बदलून, आणि भिंगरी तर घरातल्या घरात हरवणारी. खासगी शाळा प्रवेशाआधी घर बघायला माणूस पाठवते, हे कळल्यावर सासूबाई कामाला लागल्या. डॉक्टरांचा निळा सोफा आला, उंच दिवा आला, काचेचं टेबल आलं. पाहणीला आलेल्या बाई सोफ्यावर टेकल्या, पुस्तकं बघून खूश झाल्या, “आई प्राध्यापक आहेत, हे आमच्या शाळेला भूषण आहे,” असं म्हणाल्या आणि प्रवेश झाला. पहिल्या वर्षाची फी प्राध्यापिकेने नवऱ्याची मोटरसायकल विकून भरली.

दुसऱ्या वर्षी विकण्यासारखं काही उरलं नाही. शाळेत फीची सवलत मिळते असं कळलं, पण त्यासाठीही घर बघणार होते.

“गरीब दिसायला हवं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, आपण काय नाटक कंपनी आहोत का?”

“पोरीला शाळेत ठेवायचंय ना? मग गप्प बस.”

पोरीला शाळेत ठेवायचंच होतं, म्हणून प्राध्यापिका गप्प बसली. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो या गप्प बसण्याचा. कपडे धुण्याचं मशीन, फ्रीज, पुस्तकांचं कपाट, सगळं डॉक्टरांच्या घरी गेलं. पडदे उतरले. शेवटी सासूबाईंनी दारावरची पाटीसुद्धा काढली आणि पिठाच्या डब्यात खुपसली; दारावर ‘डॉ.’ असेल तर सवलत कोण देणार?

सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. फक्त शाळा त्याच बाईंना पुन्हा पाठवेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

प्राध्यापिकेने दार उघडलं. त्याच पाहणीच्या बाई आत आल्या, चटईवर बसल्या आणि त्यांनी उघड्या खिडकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “तुमचा तो निळा सोफा कुठे गेला?”

सासूबाईंनी क्षणभरही वाया घालवला नाही. “विकला हो. काय करणार, दिवसच असे आलेत.” आणि पदर डोळ्यांना लावला.

“अरेरे! आणि पुस्तकं?”

आता मात्र सासूबाई अडखळल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून भिंगरी पुढे आली. हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून, घडाघडा बोलली.

“पुस्तकंही विकली. रद्दीत. आई खूप रडली. आता बाबांचं घड्याळ विकणार आहोत. मी रात्री दूध पीत नाही, मला नकोच असतं.”

कुणी शिकवलं नव्हतं. पोरीने आपल्या मनाने रचलं होतं आणि किती सुरेख रचलं होतं! पाहणीच्या बाईंचे डोळे भरून आले. सासूबाईंची छाती अभिमानाने फुगली. प्राध्यापिकेच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या शाळेसाठी एवढं चाललं होतं, तिच्याआधी पोरीची शाळा घरातच भरली होती, खोटं बोलायची.

“पुरे!” ती उठली. “मॅडम, चला माझ्याबरोबर.”

“अगं, कुठे?” सासूबाई दचकल्या.

“आपलं घर दाखवायला.”

तिने समोरचं दार वाजवलं. डॉक्टरांनी उघडलं, हातात सँडविच. त्यांच्या बैठकीत दोन फ्रीज शेजारी शेजारी उभे होते, पुस्तकांचं कपाट भिंतीकडे तोंड करून, आणि मधोमध निळा सोफा.

“हा सोफा यांचा. तेव्हाही यांचाच होता. हे मशीन माझं, हा फ्रीज माझा, आणि पुस्तकं सगळी माझी. एकही विकलेलं नाही, विकणारही नाही. मोटरसायकल मात्र खरंच विकली, तुमच्या फीसाठी.”

“मॅडम, मग तुम्ही हे...”

“खोटं केलं. दोनदा केलं. तेव्हा तुम्हाला श्रीमंत पालक हवे होते, आता गरीब हवेत. मी गरीब नाही. मी पूर्ण वेळ नोकरी करते, रात्री पेपर तपासते, आणि तरी या शहरात माझ्या पगारात एका पोरीची शाळा बसत नाही. याची लाज मी का बाळगू? ज्यांनी पगार ठरवला त्यांनी बाळगावी, ज्यांनी फी ठरवली त्यांनी बाळगावी.”

डॉक्टर सँडविच चावायचं विसरले.

“प्रवेश देताना माझी पदवी तुम्हाला भूषण वाटली,” प्राध्यापिका म्हणाली. “आता माझा पगारही चालवून घ्या.”

पाहणीच्या बाईंनी दोन्ही फ्रीजकडे बघितलं. “मला जे दिसलं तेच मी समितीला सांगणार,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळचं. कदाचित सवलत मिळणारच नाही. मिळाली तर अर्धी.”

“अर्धी मिळाली तर घेईन. उरलेल्या अर्ध्यासाठी तुमच्या समितीसमोर येऊन भांडेन.”

बाई जिना उतरायला लागल्या. प्राध्यापिका घरात गेली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने पाटी बाहेर काढली आणि ओढणीने पुसली. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभी राहिली.

“अगं, थांब जरा,” सासूबाई कुजबुजल्या. “त्या अजून खाली पोचल्या नाहीत.”

“म्हणूनच.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग कनवटीला जपून ठेवलेले पाटीचे स्क्रू काढून एकेक सुनेच्या हातात देऊ लागल्या. खाली जिन्यात पावलं थांबली होती.

भिंगरी आईला बिलगली. “आई, त्यांनी नाही म्हटलं तर?”

“म्हणू देत,” प्राध्यापिका म्हणाली, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात. “पण कुणाला नाही म्हणताहेत, ते दारावर वाचून म्हणू देत.”