बुजवलेले शिक्के

मी चांदीचा डॉलर बोलतोय. ब्रिटिशांनी पूर्वेच्या बंदरांतल्या व्यापारासाठी मला पाडलं आणि अंगावर त्रिशूळ घेतलेली एक बाई छापली. वाटलं, एवढी खमकी बाई सोबत असताना माझ्यावर कोण संशय घेणार?

सगळ्यांनीच घेतला! चहा, रेशीम, कापूर, ज्याच्या बदल्यात जाईन तिथला सराफ मला आधी दगडावर वाजवायचा, मग चांदी खरी म्हणून आपला बारका शिक्का ठोकायचा. पुढच्याचा त्यावर विश्वास नसायचा. तो आपला वेगळा ठोकायचा. पाठीची पार चाळणी झाली.

एका संग्राहकाने मला घेतलं ते या घावांसाठीच. तो लेकीचा अंगठा त्यांवरून फिरवायचा. लेकीला घरात सगळे मिरची म्हणत. तो गेला आणि त्याच्या थोरल्या भावाने आम्हा नाण्यांची पेटी उचलली. "पोरीला काय कळतंय यातलं? मी सांभाळतो."

कॉलेज संपवून मिरची परवा पेटी मागायला आली. काकांनी मला मोठ्या ऐटीत तिच्या हातावर ठेवलं. मी आरशासारखा चकचकीत होतो. तिने अंगठा फिरवला आणि चेहराच बदलला.

"हा बाबांचा नाही."

"म्हणजे मी चोर?"

"शिक्के कुठायत?"

"अगं, भोकं होती ती! चांदीने बुजवून घेतली. किती देखणा दिसतोय बघ."

तिने मला फरशीवर टाकलं. पूर्वी माझा आवाज घरभर घुमायचा. आता बद्द वाजलो. मी खरा होतो हो, पण सांगणार कसा?

"ऐकलंत? खोटा आहे!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!" काका कडाडले.

काकूने शिवणाच्या डब्यातून दाभण आणून दिला. "भांडता कशाला? टोकरून बघा."

मिरचीने माझी पाठ टोकरली. मऊ कथलाचा कपचा उडाला. चांदी कसली, काकांनाही कोणीतरी बनवलं होतं. खाली सराफाचा जुना शिक्का निघाला. तिने त्यावर अंगठा टेकला. डोळे भरून आले, तरी तिने पेटी बंद करून काखेत मारली.

काका पडेल आवाजात म्हणाले, "खरा निघाला ना? मग पेटी कशाला नेतेस? अजून संशय आहे माझ्यावर?"

"चोरीचा नाही, काका. तुमच्या नीटनेटकेपणाचा."

आता मी तिच्या टेबलावर असतो. एक शिक्का उघडा, बाकीचे अजून बुजलेले. ती रोज दाभण घेऊन बसते आणि मी अंग चोरतो. पोरगी मायेची आहे, पण हात बापाचा नाही, काकांच्या वळणाचा वाटतो. कोणी तिला सांगाल का? जरा हळू.