हँडब्रेक

आम्ही सुट्टीहून परत आलो तो शनिवार. रविवारी दुपारपर्यंत वॉशिंग मशीनच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, गॅलरीतल्या दोऱ्या ओल्या कपड्यांनी वाकल्या होत्या आणि बॅगांच्या तळाशी सापडलेली वाळू, पार्किंगच्या चिठ्ठ्या आणि कुठल्याशा पेट्रोल पंपावर घेतलेल्या बिस्किटांचा चुरा असा सगळा ऐवज जेवणाच्या टेबलावर पडला होता. बारा दिवस आम्ही परदेशात भाड्याच्या गाडीने हिंडलो. सर, मी आणि आमची मुलगी बिट्टी. सासूबाई आल्या नाहीत. गाडीत बसून गुडघे धरतात, त्यापेक्षा मी घरी राहून झाडांना पाणी घालीन, असं त्या म्हणाल्या होत्या. ते त्यांनी इतकं मनापासून घातलं की दोन कुंड्यांतली झाडं कुजली.

सर म्हणजे माझा नवरा. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक माणूस आणि एक पाटी. पाटीवर लिहिलंय, ‘बावीस वर्षं, एकही अपघात नाही.’ अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं, म्हणून त्यांना सर म्हणतं आणि उरलेलं अर्धं ऐकून ऐकून म्हणतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आता मीही तेच म्हणते. त्यांच्या गाडीत उजवीकडे स्टिअरिंग धरून शिकणारा बसतो आणि डावीकडे सर. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच आहे. शिकणारा गोंधळला की सर तो ब्रेक दाबतात आणि काहीच न झाल्यासारखं म्हणतात, “हं, पुन्हा एकदा.”

रविवारी संध्याकाळी चहा पिता पिता बिट्टीने आजीला सुट्टीचे फोटो दाखवायला घेतले. तळी आणि डोंगर तिने भराभर पुढे सरकवले, कारण तिला बसची गोष्ट सांगायची होती.

“आजी, सर्कलला समोरून एवढी मोठी बस. अगदी अंगावर. आणि बाबाने असा ब्रेक मारला ना, बस आणि आमच्यात एक हात जागा राहिली.”

“माझ्या पोराचा हात आहेच तसा,” सासूबाई म्हणाल्या.

सर उठले आणि पाणी प्यायला आत गेले.

खरं काय झालं ते सांगते. तिकडे सगळं उलटं. रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं आणि स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे सर आपल्या नेहमीच्या डाव्या जागेवरच बसले होते, फक्त पुढ्यात स्टिअरिंग होतं. आणि मी बसले होते उजवीकडे, जिथे इकडे त्यांचे विद्यार्थी बसतात. नऊ दिवस सरांनी गाडी अशी चालवली की मला डुलकी लागायची. दहाव्या दिवशी जेवण करून निघालो, रस्ता रिकामा होता, पुढे सर्कल आलं. तिथे उजवीकडे वळून शिरायचं. सर बावीस वर्षांच्या सवयीने डावीकडे शिरले आणि समोरून बस आली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी दवाखान्यात ड्रेसिंग करते, माणूस घाबरून बधिर झाला की कसा दिसतो ते मला पाठ आहे. सरांचे हात स्टिअरिंगवर होते आणि पाय जागच्या जागी होते. मग मी डाव्या हाताने हँडब्रेक ओढला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून त्याच्या भाषेत बरंच काही सुनावलं. समजलं नाही ते बरं झालं.

गाडीतलं मला तेवढं एकच येतं. अठरा वर्षांपूर्वी सरांनी मला एक दिवस मैदानावर शिकवायला नेलं होतं. पहिला धडा हाच होता. “काहीच सुचलं नाही तर हे ओढायचं,” ते म्हणाले आणि माझ्याकडून दहा वेळा ओढून घेतलं. दुसऱ्या धड्याला मी गाडी मैदानाच्या कुंपणावर घातली. ते कुंपण पाटीवरच्या हिशेबात धरलेलं नाही. सर म्हणाले, “राहू दे, तुला नाही जमायचं. मी आहे ना.” त्या ‘मी आहे ना’वर मी अठरा वर्षं बसने दवाखान्यात जाते.

बिट्टी मागे कानात गाणी घालून मोबाइलमध्ये होती. हिसका बसला तेव्हा तिने मान वर केली. तिला दिसली ती काचेबाहेरची बस आणि स्टिअरिंग धरून बसलेला बाप. “बाबा, कसला ब्रेक मारलास,” ती म्हणाली. सर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझं काही चुकलं असेल तर ते तिथे.

सोमवारी सकाळी सर सहा वाजता उठले, दाढी केली, बूट घातले आणि खाली जाऊन गाडीवरचं कव्हर नीट करून वर आले.

“क्लच बघायला हवा,” ते म्हणाले.

मंगळवारीही क्लच बघायचा होता. बुधवारी गॅरेजवाला नव्हता. सरांनी स्वयंपाकघराच्या कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, डब्यातले खिळे आणि स्क्रू वेगळे केले, मग स्क्रू लांबीप्रमाणे लावले. शिकणाऱ्यांचे फोन यायचे ते मी उचलायचे. गाडी दुरुस्तीला टाकली आहे, असं मी तीन दिवसांत अकरा जणांना सांगितलं. गाडी खाली फाटकाशी उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसत होती.

सगळ्यात जास्त फोन पडदेवाल्या बाईंचे. त्या पडदे शिवतात, आणि कापडाचे गठ्ठे आणि पडद्यांचे दांडे स्वतःच गिऱ्हाइकांकडे न्यायचे म्हणून गाडी शिकत होत्या. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी परीक्षा पुढच्या मंगळवारी होती.

“सर आजारी नाहीत ना?” त्यांनी मला विचारलं.

“छे, ठणठणीत आहेत,” मी म्हटलं. सर समोर बसून एकाच मापाचे दोन स्क्रू निरखत होते.

इकडे बसची गोष्ट दिवसागणिक वाढत होती. सासूबाईंनी ती दूधवाल्याला सांगितली, जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितली, इस्त्रीवाल्याला दोनदा सांगितली. बुधवारी बस दुमजली झाली. गुरुवारी तिच्यात शाळेची मुलं बसली. प्रत्येक वेळी सर पाणी प्यायला उठत. इतकं पाणी पिणारा माणूस मी भर उन्हाळ्यातही पाहिलेला नाही.

मला राग आला होता. ते घाबरले याचा नव्हे. घाबरलेली माणसं मी रोज बघते, त्यांना पाणी देते, पुढच्या जखमेकडे वळते. राग होता तो स्वतः गप्प बसून माझ्याकडून खोटं वदवून घेण्याचा. आणि रागाच्या खाली भीती होती, ती कबूल करते. हा माणूस पुन्हा गाडीत बसलाच नाही तर? त्यांना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही आवडतही नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस उरलेलं आयुष्य स्क्रू लांबीप्रमाणे लावत बसला असता, आणि मी रोज दवाखान्यातून येऊन ते बघितलं असतं.

गुरुवारी सासूबाईंचे डोळे तपासायचे होते. गाडीतून न्यायला सर हो म्हणाले. मला बरं वाटलं. सासूबाईंना मागे बसवलं, आणि मी माझ्या दाराने आत शिरले, सर त्यांच्या दाराने. दारं लागली. बघते तर स्टिअरिंग माझ्या पुढ्यात, आणि सर डावीकडे, दोन्ही हात रिकाम्या हवेत धरून बसलेले.

“तू तिकडे कशी?” सर म्हणाले.

“बारा दिवसांची सवय. आणि तुम्ही?”

त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवले. मी वाट पाहिली. वाटलं, आता तरी बोलतील. आम्ही दोघंच असतो तर कदाचित बोललेही असते.

“आता यातलं चालवणार कोण?” मागून सासूबाई म्हणाल्या.

सर उतरले. “क्लच लागत नाहीये. बसने जाऊ.”

किल्ली अजून त्यांच्या खिशात होती.

शुक्रवारी संध्याकाळी पडदेवाल्या बाई थेट घरी आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच होती, म्हणजे दुकान बंद करून तडक निघाल्या असाव्यात. त्यांनी फाटकाशी गाडी बघितली होती, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, “सर, मंगळवारी मी पुन्हा नापास होणार. ब्रेक मारायच्या वेळी माझा पाय दगडासारखा होतो. तुम्ही नसलात तर मी जातच नाही परीक्षेला.”

सर स्टुलावर चढून पंख्याचं पातं पुसत होते. पंख्यात काही बिघाड नव्हता, तो स्वच्छही होता.

“घाबरायचं कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “कोणाकडे शिकताय तुम्ही? अहो, तिकडे परदेशात समोरून दुमजली बस आली—”

“आई, थांब,” सर म्हणाले.

“आत मुलं होती शाळेची—”

“आई. बस साधी होती. रिकामी होती. आणि ब्रेक मी मारला नाही.”

बिट्टीने कानातली गाणी काढली.

सर स्टुलावरून उतरले नाहीत. फडकं हातात घेऊन पंख्याकडे बघतच बोलत राहिले. “मी चुकीच्या बाजूने शिरलो. बस दिसली आणि माझा पाय हललाच नाही. हिने हँडब्रेक ओढला. हिने ओढला म्हणून तुम्हाला गोष्ट सांगायला आम्ही परत आलो.”

बिट्टी माझ्याकडे बघत होती, जणू मी बारा दिवस दुसऱ्याच कुठल्या गाडीत होते. सासूबाईंचा चेहरा पडला, पण त्या फार वेळ पडलेल्या चेहऱ्याने बसणाऱ्यातल्या नाहीत.

“एवढं येतं तिला,” त्या सरांना म्हणाल्या, “मग इतकी वर्षं शिकवलं का नाहीस?”

सरांनी पातं पुन्हा पुसायला घेतलं.

पडदेवाल्या बाईंनी गळ्यातली टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली. “म्हणजे तुमचाही पाय होतो तसा,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं माझाच होतो. उद्या सहाला येऊ का?”

सर स्टुलावरून उतरले. “या,” ते म्हणाले. मग फडक्याची घडी घालत मला, “तूपण चल. मागे बस.”

शनिवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. बाई उजवीकडे, सर डावीकडे आणि मागच्या सीटच्या अगदी मधोमध मी. दोन सीटच्या फटीतून मला हँडब्रेक दिसत होता. सरांच्या मानेवरही एक ओला पट्टा दिसत होता, सकाळची हवा गार होती तरी. पहिली दहा मिनिटं ते फक्त “डावीकडे”, “सावकाश” एवढंच बोलत होते. आवाज नेहमीचा नव्हता. बाईंना ते कळलं की नाही कोण जाणे, त्या स्टिअरिंगला लोंबकळल्यासारख्या बसल्या होत्या.

बाजाराच्या टोकाला एका फाटकातून दुधाचा टँकर मागे येत रस्त्यावर निघाला. बाईंनी तो पाहिला आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली. मी पुढे झेपावले, माझा हात फटीतून जाऊन हँडब्रेकवर बसला.

पण गाडी थांबली होती आणि मी अजून ओढलं नव्हतं. वाकून पाहिलं तर सरांच्या पायाखालचा जादा ब्रेक पार तळाला टेकलेला होता. टँकर आमच्या पुढून निवांत वळून निघून गेला. सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

“सोड,” ते म्हणाले. “मी दाबलाय.”

मी लगेच सोडला नाही. त्यांच्या पायाकडे बघून खात्री करून घेतली, मग सोडला.

“हं,” सर बाईंना म्हणाले, आणि या वेळी आवाज त्यांचा स्वतःचा होता, “पुन्हा एकदा.”

सात वाजता बाईंना त्यांच्या दुकानाशी सोडलं. त्यांनी शटर वर केलं, आम्हाला हात केला आणि आत गेल्या. एरवी आता सर उतरतात, गाडीला वळसा घालून उजवीकडे बसतात आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे निघतात. सर उतरले नाहीत. समोरच्या काचेतून दुकानाच्या पाटीकडे बघत बसून राहिले.

“पुढे ये,” ते म्हणाले.

“माझी सव्वासातची बस आहे.”

“चुकू दे.”

मी मागून उतरले, वळसा घातला आणि उजवीकडचं दार उघडून बसले. बाई उंच आहेत, सीट बरीच मागे सरकवलेली होती. सरांनी खाली हात घालून ती माझ्या मापाला पुढे ओढली. माझा डावा हात आपोआप हँडब्रेकवर गेला.

“ते येतं तुला,” सर म्हणाले. “आता आरसा.”